मेंदूतल्या गाठीचा केसपेपर सगळीकडे सारखा का हवा?

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. जर्मनीतल्या एका संस्थेने २००० साली तो सुरू केला. त्या सुमारास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत न्यूरोसर्जनच्या मुलाखती येतात, आणि अलीकडे त्यांच्या शेजारी आणखी एक बातमी हमखास असते: कृत्रिम बुद्धिमत्ता एमआरआय पाहून गाठ ओळखणार. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं, विज्ञान एवढं पुढे गेलंय तर मेंदूच्या कॅन्सरवरचे उपचार इतक्या हळू का सरकताहेत?

बरीच कारणं जीवशास्त्रातली आहेत. रक्तातून येणारी बहुतेक औषधं मेंदू आत शिरू देत नाही, आणि काही गाठींच्या पेशी निरोगी भागात अशा पसरलेल्या असतात की सर्जनला त्या सगळ्या काढता येत नाहीत. पण एका कारणावर फारसं बोललं जात नाही. जगभरच्या इस्पितळांत या आजाराच्या नोंदी आपापल्या पद्धतीने लिहिल्या जातात, आणि एकत्र करायला गेलं की त्या जुळत नाहीत. नोंदी जुळाव्यात म्हणून जो खटाटोप चालतो त्याला क्लिनिकल डेटाचं प्रमाणीकरण म्हणतात. क्लिनिकल डेटा म्हणजे रुग्णाबद्दल इस्पितळात जे जे लिहिलं जातं ते: वय, लक्षणं, एमआरआय, ऑपरेशन, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, औषधं, पुढची प्रकृती. प्रमाणीकरण म्हणजे तेच प्रश्न त्याच अर्थाने आणि त्याच मापाने सगळीकडे विचारणं. ऐकायला कारकुनी वाटतं. माझ्या मते मात्र या आजारात याच्याइतकं महत्त्वाचं काम फार थोडं आहे.

## गाठी दुर्मीळ, म्हणून प्रत्येक नोंद मोलाची

'ब्रेन ट्यूमर' हे एका आजाराचं नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणातून निघणारी मेनिंजिओमा बहुधा साधी असते आणि वर्षानुवर्षं हळू वाढते. ग्लिओब्लास्टोमा सर्वांत आक्रमक गाठींपैकी एक.

या ग्लिओब्लास्टोमाचंच गणित करू. अमेरिकेत दर वर्षी लाख लोकांमागे साधारण तीन जणांना तो होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. अमेरिकेचा दर जसाच्या तसा लावला तर वर्षाला पंचेचाळीसच्या आसपास रुग्ण होतील. हा फक्त अंदाज बांधण्यापुरता आकडा, कारण दोन्हीकडच्या लोकसंख्येचं वय सारखं नाही. आता या पंचेचाळिसांतून साठीच्या आतले वेगळे करा, त्यातून ज्यांची गाठ पूर्ण काढता आली ते वेगळे करा, त्यातून विशिष्ट जनुकीय बदल असलेले वेगळे करा. हाती पाच-सात माणसं उरतात. पाच-सात माणसांवरून कुठलं औषध चालतं हे कुणीही सांगू शकणार नाही, डॉक्टर कितीही निष्णात असो.

गोव्याचंच नव्हे, मोठमोठ्या देशांचंही हेच होतं. वोरासिडेनिब नावाच्या गोळीची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. हळू वाढणाऱ्या काही गाठींसाठी ती आहे. त्या चाचणीत एकूण ३३१ रुग्ण होते, आणि तेवढे जमवायला १० देशांत हिंडावं लागलं. गोळी घेणाऱ्यांमध्ये गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) २७.७ महिने निघाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये ११.१ महिने. हा फरक खात्रीने सांगता आला, कारण दहाही देशांत 'गाठ वाढली' कधी म्हणायचं याची व्याख्या एकच होती.

## वाट्याचा भाव

म्हापशाच्या मासळी बाजारात बांगड्यांचा वाटा दोनशे रुपये आणि मडगावातही दोनशे रुपये असेल, तर स्वस्त कुठे? वाट्यात किती बांगडे आणि ते केवढे हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्हीकडची विक्रेती खरंच बोलतेय, तरी दोन आकड्यांची तुलना होत नाही. इस्पितळांच्या नोंदींचं असंच होतं. एका ठिकाणी 'गाठ पूर्ण काढली' म्हणजे ऑपरेशन संपताना सर्जनच्या डोळ्यांना काही उरलेलं दिसलं नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याच शब्दांचा अर्थ, ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत केलेल्या एमआरआयमध्ये काही उरलेलं नाही. शब्द तेच असले तरी माप वेगळं आहे. अशा हजार फाइली एकत्र केल्या तर हजारपट ज्ञान मिळत नाही, हजारपट गोंधळ मिळतो.

## 'किती महिने जगला' हे कधीपासून मोजायचं?

हा प्रश्न सर्वांत साधा दिसतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

समजा, सत्तरी तालुक्यातले बावन्न वर्षांचे एक गृहस्थ. १० जानेवारीला पहिली फिट आली. २० जानेवारीला एमआरआय झाला. ३ फेब्रुवारीला ऑपरेशन, १७ फेब्रुवारीला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, १० मार्चला रेडिएशन सुरू, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला मृत्यू. पहिल्या फिटपासून मोजलं तर ते पावणेबारा महिने जगले. ऑपरेशनपासून मोजलं तर जेमतेम अकरा. रेडिएशनपासून मोजलं तर पावणेदहा. माणूस एकच, उपचारही तेच, तरी तारखेच्या निवडीने दोन महिन्यांचा फरक पडला.

दोन महिने म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. ग्लिओब्लास्टोमावर आज जगभर जी पद्धत वापरतात, म्हणजे रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, ती २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून आली. ५७३ रुग्ण होते. नुसतं रेडिएशन घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १२.१ महिने निघालं, सोबत गोळ्या घेणाऱ्यांचं १४.६ महिने. अडीच महिन्यांच्या त्या फरकाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली. (दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, तो फरक आणखी ठळक आहे.) त्या चाचणीत मोजणी सगळ्यांची एकाच टप्प्यापासून झाली: रुग्ण कुठल्या गटात जाणार हे ठरलं तो दिवस. त्याऐवजी एका इस्पितळाने फिटपासून आणि दुसऱ्याने रेडिएशनपासून मोजलं असतं, तर औषधाचा खरा फायदा तारखांच्या घोळात बुडून गेला असता. किंवा त्याहून वाईट, नसलेला फायदा दिसला असता.

यात आणखी एक खाच आहे. रेडिएशनच्या दिवसापासून मोजणारं इस्पितळ रेडिएशनपर्यंत पोचूच न शकलेल्या रुग्णांना नकळत हिशेबाबाहेर ठेवतं. जे सर्वांत आजारी होते तेच गळतात, आणि त्या इस्पितळाचा निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं.

## रिकामा रकाना

मला सर्वांत जास्त खटकतो तो रिकामा रकाना. फाइलमध्ये 'एमजीएमटी' असं छापलेलं आहे आणि पुढे काहीच नाही. (ग्लिओब्लास्टोमात हे जनुक 'बंद' असेल तर टेमोझोलोमाइड जास्त उपयोगी पडतं, म्हणून ते तपासतात.) या रिकाम्या जागेचा अर्थ काय घ्यायचा? चाचणी केलीच नाही? केली, पण नमुना पुरेसा नव्हता म्हणून निकाल आला नाही? की निकाल आला आणि उतरवून घ्यायचा राहिला? वर्षभराने फाइल वाचणाऱ्याला हे ओळखायला काहीच मार्ग नसतो. काही जण रिकामी जागा म्हणजे 'नाही' असं धरतात, आणि तिथून पुढचा सगळा हिशेब चुकत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने गाठींच्या वर्गवारीत हे ओळखून व्यवस्था केली आहे. गाठीच्या नावापुढे 'एनओएस' लावलं की समजायचं, नेमका प्रकार ठरवायला लागणारी माहिती उपलब्ध नाही, बहुधा जनुकीय चाचण्या झालेल्या नाहीत. 'एनईसी' लावलं की समजायचं, चाचण्या झाल्या पण निकाल कुठल्याच ठरलेल्या प्रकारात बसत नाही. तीन-तीन अक्षरांनी 'माहीत नाही' आणि 'पाहिलं, पण बसलं नाही' या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. असाच भेद प्रत्येक रकान्यात हवा.

ही वर्गवारी २०१६ साली आणि पुन्हा २०२१ साली मोठ्या प्रमाणात बदलली. पूर्वी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून नाव ठरवत. आता आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे का, गुणसूत्रांचे १पी आणि १९क्यू हे दोन तुकडे गायब आहेत का, हे पाहून नाव ठरतं. आयडीएचमध्ये बदल असेल आणि दोन्ही तुकडे गायब असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. आयडीएचमध्ये बदल असलेली गाठ दिसायला कितीही भयंकर असली तरी २०२१ पासून तिला ग्लिओब्लास्टोमा म्हणत नाहीत. म्हणजे २०१२ च्या फाइलमधला 'ग्लिओब्लास्टोमा' आणि आजचा ग्लिओब्लास्टोमा या दोन वेगळ्या टोपल्या आहेत. ग्रेडसुद्धा (गाठ किती आक्रमक ते सांगणारी पायरी) आधी रोमन आकड्यांत लिहायचे, आता साध्या. संगणकाला शोधायला सांगितलं तर 'ग्रेड ४' शोधताना जुना रोमन चार त्याच्या हाती लागत नाही. म्हणून रिपोर्टाची तारीख आणि वर्गवारीची आवृत्ती, या दोन गोष्टी नोंदीत हव्यातच.

## गाठ वाढली, की वाढलेली दिसली?

रेडिएशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला एमआरआय घरच्यांचा जीव टांगणीला लावतो. रिपोर्टात लिहिलेलं असतं की गाठीची जागा आधीपेक्षा मोठी दिसते. काही रुग्णांत ती खरोखर वाढलेली असते. काहींत उपचारांमुळेच त्या भागाला सूज येते, आणि काही महिन्यांत ती आपोआप उतरते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं.

उलटही घडतं. मेंदूची सूज कमी करायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याचा डोस वाढवला की एमआरआयमधला चकाकणारा भाग लहान दिसू शकतो, गाठ तेवढीच असली तरी. म्हणून एमआरआयच्या दिवशी स्टेरॉइड किती चालू होतं हे लिहिलेलं नसेल, तर 'गाठ कमी झाली' या वाक्यावर विसंबता येत नाही.

१९९० साली गाठीचं माप घेण्याचे नियम आले तेव्हाच स्टेरॉइड आणि रुग्णाची प्रकृती लक्षात घ्यायचं ठरलं. २०१० साली जगभरच्या तज्ज्ञांनी नवे नियम केले, त्यांना 'रानो' म्हणतात. रेडिएशननंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत घाईने 'वाढली' म्हणू नये, हे त्यात आलं. २०२३ साली ते पुन्हा सुधारले, आणि तुलना रेडिएशन संपल्यानंतरच्या एमआरआयशी करायचं ठरलं. मशीनच्या बाबतीतही असंच. एमआरआय मेंदूचे फोटो चकत्या-चकत्यांनी घेतो; एका ठिकाणी एक मिलिमीटरच्या चकत्या आणि दुसऱ्या ठिकाणी पाच मिलिमीटरच्या, तर छोटी वाढ दुसऱ्या ठिकाणी निसटू शकते. २०१५ साली ब्रेन ट्यूमरच्या चाचण्यांसाठी एमआरआयचा एक ठरावीक क्रम सुचवला गेला तो यासाठीच.

रुग्णाच्या प्रकृतीचंही माप ठरलेलं आहे. 'बरा आहे' असं लिहिण्याऐवजी कार्नोफ्स्की मोजपट्टीवर शून्य ते शंभरमधला आकडा लिहायचा. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही.

## डॉक्टरांना एवढा वेळ कुठे आहे?

हा आक्षेप अगदी खरा आहे. भरलेल्या ओपीडीत निवासी डॉक्टरपुढे दोनशे रकान्यांचा फॉर्म ठेवला तर तो भरला जाईल, पण कसा भरला जाईल ते सांगायला नको. म्हणून यादी छोटी हवी: मोजक्या तारखा, गाठीची बाजू, किती काढली आणि ते कशावरून ठरवलं, जनुकीय निकाल, स्टेरॉइडचा डोस, कार्नोफ्स्की आकडा. आणि हे भरायला पगार देऊन वेगळा माणूस नेमायला हवा. रकाने वाढवायचे आणि माणूस द्यायचा नाही, याला माझा सरळ विरोध आहे.

प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, त्याला रकान्यांत कसं बसवणार, असंही विचारतात. बसवायचं नाहीच. डॉक्टरांनी लिहिलेली सविस्तर हकीकत तशीच राहते. रकाने तिच्या शेजारी येतात.

## हे सगळं एआय वाचून काढणार नाही का?

काही प्रमाणात काढेल. पण एआय गाठ ओळखायला शिकलं कसं, ते पाहा. २०१२ पासून 'ब्रॅट्स' नावाची जागतिक स्पर्धा चालते. तिच्यासाठी तज्ज्ञांनी एमआरआयवर गाठीच्या सीमा एकाच नियमाने आखून दिल्या, आणि त्यावरून संगणकाच्या पद्धती घडल्या. आधी माणसांनी एकसारखी नोंद केली, मग यंत्र शिकलं. शिवाय जो डोस कुणी लिहिलाच नाही तो कुठलंही यंत्र वाचू शकत नाही.

## आमची माहिती बाहेर गेली तर?

गोव्यात ही भीती मी हलक्यात घेणार नाही. नाव खोडलं की माहिती निनावी झाली, हे मुंबईत कदाचित चालेल. पण 'वय ३४, स्त्री, पेडणे तालुका, ऑलिगोडेंड्रोग्लिओमा' एवढं लिहिलं तरी गावातले लोक कोण ते सांगतील. म्हणून संशोधनाला देताना वयाऐवजी वयोगट, तालुक्याऐवजी राज्य, आणि तारखांऐवजी दोन घटनांमधले दिवस द्यावे लागतात. डोक्याच्या एमआरआयमधून चेहराही पुन्हा उभा करता येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८४ स्वयंसेवकांपैकी ७० जणांचे एमआरआय चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्या फोटोंशी बरोबर जुळवले. म्हणून एमआरआय बाहेर देण्यापूर्वी त्यातला चेहऱ्याचा भाग काढून टाकण्याची पद्धत आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं यांच्या चौकटीतच हे काम व्हायला हवं. संमतीचा कागद रुग्णाला कळेल अशा भाषेत आणि बसून समजावून द्यायला हवा. ज्याच्या विचारशक्तीवरच आजाराने घाला घातला आहे, त्याच्या घरच्यांनाही सोबत बसवून.

## गोव्यात कुठून सुरुवात व्हावी?

मेंदूच्या गंभीर आजाराचा रुग्ण काणकोणचा असो की डिचोलीचा, बहुधा बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पोचतो. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारकडूनही लोक येतात. पुढे काही जण मुंबईला टाटाला जातात, काही बेळगावला, काही मणिपालला. एका माणसाची हकीकत अशी तीन राज्यांत विखुरते. एमआरआयचे फोटो कुठल्याही मशीनचे असले तरी दुसरीकडे उघडतात, कारण डायकॉम नावाचा समान साचा १९९३ पासून जगभर रूढ आहे. बाकीच्या नोंदींना तेवढं भाग्य अजून लाभलेलं नाही.

नावाचाही घोळ आपल्याकडे खास आहे. नाईक हे आडनाव रोमी लिपीत एका कागदावर 'के'ने संपतं आणि जुन्या पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यावर 'क्यू, यू, ई'ने. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. आभा या सरकारी आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक प्रत्येक कागदावर आला तर हा प्रश्न बराच सुटेल.

देशात कॅन्सरची राष्ट्रीय नोंदणी १९८१ पासून सुरू आहे, आणि टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरच्या इस्पितळांना जोडतं. नोंदणी प्रामुख्याने किती रुग्ण, कुठला कॅन्सर, हे सांगते. एमआरआयच्या दिवशी स्टेरॉइड किती होतं, हे तिचं काम नाही. साध्या गाठी तर नोंदणीतून सहज निसटतात. अमेरिकेतही मेनिंजिओमासारख्या साध्या गाठींची देशव्यापी नोंद कायदा करून २००४ पासूनच सक्तीची झाली. छोट्या राज्याचा इथे फायदा आहे. न्यूरोसर्जरी, रेडिएशन आणि पॅथॉलॉजीची माणसं एका खोलीत बसून वीसेक रकाने ठरवू शकतील, एवढंच आपलं गोवा आहे.

## घरच्यांनी काय जपावं?

इस्पितळाची व्यवस्था बदलेपर्यंत फाइल आपल्याच हातात असते. एमआरआयच्या फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी, कारण फिल्मवर नव्याने नीट माप घेता येत नाही. एका वहीत फिटच्या तारखा आणि डेक्सामेथासोनचा डोस कुठल्या दिवशी किती होता ते लिहावं. डोस मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नये. अचानक बंद केलेलं स्टेरॉइड धोक्याचं असतं. ऑपरेशनचा पूर्ण अहवाल आणि पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट यांच्या प्रती ठेवाव्यात. डिस्चार्ज कार्डावर त्यांचा एका ओळीतला सारांश असतो, तो पुरत नाही.

आणि ब्लॉकची चौकशी करावी. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. पॅथॉलॉजी विभाग तो जपून ठेवतो. दुसऱ्या इस्पितळात दाखवायचं असेल तर लेखी अर्ज करून ब्लॉक किंवा स्लाइड मिळते, आणि काम झाल्यावर ब्लॉक परत नेऊन द्यायचा असतो. २०१४ साली काढलेल्या गाठीचा ब्लॉक चांगल्या स्थितीत असेल तर आयडीएचची चाचणी आजही करता येते. त्यातून गाठीचं नाव बदलू शकतं, तेव्हा नसलेल्या एखाद्या औषधाचा विचार होऊ शकतो, आणि तो रुग्ण आजच्या वर्गवारीत मोजला जाऊ शकतो.